पाण्याचा दुसरा फेरा

मे महिना उजाडला की आपल्या घराघरांतून एकाच विषयाची चर्चा सुरू होते. नळ किती वाजता आला, किती वेळ टिकला, वरची टाकी भरली की नाही, बोरिंग आटले की अजून तग धरून आहे, टँकरवाल्याने आज यावयाचे कबूल केले आहे की उद्या. 'पावलोपावली पाणी' अशी ज्या माळव्याची एके काळी ख्याती होती, त्या माळव्यातील हे संभाषण आहे. या चर्चेत पाणी आणावे कोठून, हा प्रश्न सर्वजण विचारतात. आलेले पाणी जाते कोठे, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेख त्या दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे. कारण पहिल्या प्रश्नाचे निम्मेअधिक उत्तर त्यातच दडलेले आहे, असे दिसून येईल.

इंदूरच्या नळाला येणारे पाणी मुख्यतः नर्मदेचे. पुण्यश्लोक अहिल्याबाईंच्या महेश्वराजवळच मंडलेश्वर आहे आणि मंडलेश्वरानजीक जलूद. तेथे नर्मदेचे पाणी उचलले जाते, टप्प्याटप्प्याने पंपांनी घाट चढविले जाते आणि सुमारे ७० किलोमीटरांचा प्रवास करून शहरात येते. ही चढण ५०० मीटरांहून अधिक आहे. १९७८ पासून हा क्रम चालू आहे आणि शहर वाढत गेले तसतसे त्याचे पुढचे टप्पे झाले.

शाळेतील भौतिकशास्त्राचे साधे गणित येथे मांडून पाहावे. एक हजार लिटर पाणी ५०० मीटर उंच चढविण्यास निदान १.३६ युनिट वीज लागते. पंपांतील तूट आणि नळातील घर्षण जमेस धरले तर हा आकडा दोन युनिटांच्या आसपास जातो. चार माणसांच्या कुटुंबास माणशी १३५ लिटर या सरकारी मानाप्रमाणे पाणी द्यावयाचे, तर त्या एका घरामागे रोज एका युनिटाहून थोडी अधिक वीज केवळ पाणी वर आणण्यात खर्च होते. अशी घरे लाखांनी आहेत. हा भार इतका आहे की जलूदच्या पंपांसाठी ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारावा म्हणून इंदूर महापालिकेने २०२३ च्या फेब्रुवारीत २४४ कोटी रुपयांचे कर्जरोखे जनतेपुढे ठेवले.

एवढ्या सायासाने आणलेल्या पाण्याचे आपण काय करतो? पितो आणि शिजवितो ते फार थोडे. उरलेले अंघोळीला, कपड्यांना, भांड्यांना, फरशीला आणि संडासाला. घरात आलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी वापरून झाल्यावर गटारात जाते, असे नगर-अभियंते धरून चालतात. म्हणजे माणशी १३५ लिटरांपैकी १०८ लिटर. घाट चढून आलेली नर्मदा एका सकाळीच मोरीतून निघून जाते.

पुढची कथा अधिक उद्बोधक आहे. इंदूरचे सांडपाणी वर्षानुवर्षे कान्ह नदीत जात राहिले. लोकांच्या तोंडी तिचे नाव खान झाले आणि नदीचा नाला झाला. ही कान्ह उज्जैनजवळ त्रिवेणीपाशी क्षिप्रेला मिळते. परिणाम असा की इंदूरच्या मोऱ्यांतील पाणी महाकालाच्या नगरीत, पर्वस्नानाच्या घाटांच्या दिशेने जाऊ लागले. क्षिप्रा वाहती राहावी म्हणून २०१४ मध्ये नर्मदेचे पाणी पुन्हा एकदा पंपांनी चढवून क्षिप्रेच्या उगमाकडे सोडण्यात आले. २०१६ च्या सिंहस्थापूर्वी कान्हेचे पाणी घाटांना टाळून बंद नळातून पुढे नेण्याची योजना झाली. २०२८ च्या सिंहस्थासाठी त्याहून मोठे काम हाती घेण्यात आले. एकदा आपली तहान भागविण्यासाठी आणि दुसऱ्यांदा आपणच मलिन केलेली नदी वाहती दिसावी म्हणून, अशी नर्मदा दोन वेळा डोंगर चढली. हा सारा हिशेब एखाद्या घरच्या गृहिणीपुढे ठेवला, तर ती पहिलेच वाक्य असे बोलेल की, 'अहो, मग तेच पाणी धुऊन पुन्हा का नाही वापरत?'

हे वाक्य ज्या दिवशी नगरपालिकांना उमगते, त्या दिवशी पाण्याचा दुसरा फेरा सुरू होतो. इंदुरात तो सुरू झाला आहे, हे नमूद केले पाहिजे. नाल्यांत आणि नद्यांत उघडी सुटणारी हजारो गटारतोंडे बंद करून ते पाणी शुद्धीकरण केंद्रांकडे वळविण्यात आले. कबीटखेडीसारखी मोठी केंद्रे चालू झाली. २०२१ च्या ऑगस्टमध्ये इंदूरला देशातील पहिले 'वॉटर प्लस' शहर म्हणून मान्यता मिळाली. शुद्ध केलेले काही पाणी बागांना आणि बांधकामांना जाऊ लागले. तथापि समाधान मानून स्वस्थ बसण्याजोगी स्थिती नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या पाहणीनुसार देशातील शहरांतून दररोज ७,२०० कोटी लिटरांहून अधिक मैलापाणी निघत होते आणि प्रत्यक्ष शुद्ध होत होते सुमारे २,००० कोटी लिटर. बाकीचे नद्यांच्या वाट्याला जात होते.

वास्तविक वापरलेल्या पाण्याचा पुन्हा उपयोग ही कल्पना आपल्याला परकी नाही. जुन्या मराठी घराची मांडणी आठवावी. मोरीचे पाणी पन्हळीतून परसात जाई आणि तेथे अळू, केळ व कर्दळ ही हटकून लावलेली असत. ती शोभेसाठी नव्हती. सांडपाणी जिरविण्याचे ते साधन होते. तांदळाचे धुवण गाईम्हशीच्या पाटीत जाई. घरातील पाण्याची तर चक्क प्रतवारी असे. देवाच्या पूजेचे पाणी वेगळे, पिण्याचा माठ वेगळा, स्वयंपाकाचा हंडा वेगळा, न्हाणीतील घंगाळ वेगळे आणि अंगणात सडा घालावयाची बादली वेगळी. त्या सोवळ्या-ओवळ्यात जे अन्याय्य होते त्याचे समर्थन कोणीही करू नये. पण प्रत्येक कामाला त्या त्या योग्यतेचे पाणी, हा जो व्यवहार त्यात होता तो शहाणपणाचा होता. नळ आला आणि ही प्रतवारी मोडली. आज पिण्यालाही नर्मदा, मोटार धुण्यालाही नर्मदा आणि संडासाची साखळी ओढली की तेथेही नर्मदाच. इतकेच नव्हे, तर काल भरून ठेवलेले पाणी 'शिळे' म्हणून सकाळी ओतून देण्याची रीत अजून कित्येक घरांतून चालू आहे. ज्या धरणातून ते आले तेथे ते महिनोन्महिने साठलेले होते, हे आपण विसरतो.

इंदूरकरांस तर या बाबतीत एक वारसाही आहे. १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड हे कृषिशास्त्रज्ञ इंदुरात होते. होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या संस्थेत त्यांनी काडीकचरा आणि शेण यांपासून खत करण्याची जी रीत बसविली, ती जगभर 'इंदूर पद्धत' या नावाने ओळखली जाते. टाकाऊपासून उपयुक्त कसे करावे हे ज्या गावाच्या नावाने जग शिकले, त्या गावाला तोच न्याय पाण्याला लावणे जड जाऊ नये.

मैलापाणी शुद्ध होते म्हणजे नेमके काय होते, हे समजून घेतले की मनातील किळस बरीच ओसरते. प्रथम जाळ्यांतून चिंध्या, प्लास्टिक आणि मोठी घाण अडविली जाते. मग पाणी संथ करून वाळू-रेती खाली बसू देतात. त्यानंतरचा भाग सर्वांत महत्त्वाचा आणि आपल्या स्वयंपाकघराशी नाते सांगणारा आहे. मोठ्या हौदात त्या पाण्यात हवा खेळविली जाते. हवेवर पोसले जाणारे सूक्ष्म जीव पाण्यातील घाण खातात, वाढतात आणि गाळाच्या रूपाने तळाशी बसतात. वरचे निवळलेले पाणी काढून घेतात. पण खालचा सगळा गाळ काही टाकून देत नाहीत. त्यातील थोडा पुढच्या पाण्यासाठी राखून ठेवतात. रात्रीच्या दुधाला कालच्या दह्याचे विरजण लावावे, तसाच हा प्रकार. इंग्लंडात मँचेस्टर येथे १९१४ मध्ये ही युक्ती प्रसिद्ध झाली आणि आजही जगातील बहुतेक शुद्धीकरण केंद्रे त्याच तत्त्वावर चालतात. विरजण बिघडले की दही बिघडते, तसे येथेही आहे. वीज गेली आणि हवा थांबली, किंवा कारखान्याचे विषारी पाणी आत शिरले, की जीव मरतात आणि केंद्र नावापुरते उरते.

इतपत शुद्ध आणि जंतुनाशक घातलेले पाणी झाडांना व बांधकामाला चालते. कारखान्याला अधिक स्वच्छ हवे असेल तर ते बारीक गाळण्यांतून आणि पडद्यांतून काढतात. पिण्याच्या योग्यतेला न्यावयाचे तर आणखी कठोर टप्पे असतात. थोडक्यात, पाणी कितपत धुवावयाचे हे ते कशासाठी वापरावयाचे यावर ठरते. आजीच्या घरातील प्रतवारी येथे शास्त्राच्या वाटेने परत येते.

हे घडू शकते याचे दाखले आपल्या देशातच आहेत. नागपूरच्या भांडेवाडी केंद्रातील पाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला दिले जाते. ही योजना दररोज १३ कोटी लिटरांची आहे. औष्णिक वीज केंद्राला यंत्रे थंड ठेवण्यासाठी अफाट पाणी लागते आणि त्यातील बरेचसे वाफ होऊन उडून जाते. त्यासाठी पेंचचे पाणी खर्ची पडत असे. तेच पेंच धरण नागपूरच्या नळांनाही पाणी पुरविते. शुद्ध केलेले सांडपाणी कारखान्याकडे गेले की तितके धरणाचे पाणी माणसांसाठी मोकळे होते. या सर्व व्यवहाराचे सार एवढेच आहे. वापरलेले पाणी कोणाला प्यावयास लावण्याची गरजच नाही. ज्या कामांना पिण्याचे पाणी लागत नाही, त्या कामांवरून ते सोडवून आणावयाचे आहे. सुरतेने २०१४ पासून पांडेसरा येथील कापड-प्रक्रियेच्या कारखान्यांना असे पाणी पुरविले. मद्रासेत, म्हणजे आजच्या चेन्नईत, २०१९ च्या उन्हाळ्यात जलाशय कोरडे पडले. त्याच वर्षी तेथे कारखान्यांसाठी प्रत्येकी साडेचार कोटी लिटरांची दोन शुद्धीकरण केंद्रे सुरू झाली.

पण घाई केली की काय होते, याचाही दाखला पाहण्याजोगा आहे. बंगळूरचे शुद्ध केलेले पाणी कोलार जिल्ह्यातील कोरडे तलाव भरण्यासाठी २०१८ च्या जूनमध्ये सोडण्यात आले. महिनाभरातच लक्ष्मीसागर तलावात फेस दिसू लागला. लोक बिथरले, पुरवठा थांबवावा लागला आणि प्रकरण न्यायालयात गेले. पुढे पाणी पुन्हा सुरू झाले, तलाव भरले, विहिरींचे पाणी वर आले. परंतु पाणी जमिनीत मुरवावयाचे तर ते आणखी एक टप्पा शुद्ध करावयास हवे होते, असे तज्ज्ञ सांगत राहिले. त्यांची शंका रास्त होती. भूजल एकदा नासले की त्याला धुण्याची सोय नाही.

पिण्यासाठीही असे पाणी वापरणारी गावे जगात आहेत. आफ्रिकेतील नामिबियाची राजधानी विंडहूक येथे १९६८ पासून शुद्ध केलेले सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले जाते. वाळवंटाच्या कुशीतील त्या नगराला दुसरा मार्ग नव्हता. त्यांनी एक पथ्य कसोशीने पाळले : घरांचे सांडपाणी वेगळे आणि कारखान्यांचे वेगळे. सिंगापूरने २००२ च्या राष्ट्रदिनी असे पाणी बाटल्यांतून लोकांच्या हाती दिले, पंतप्रधानांनी ते सर्वांसमक्ष प्यायले आणि सामान्य माणसाला व शाळकरी मुलांना आत नेऊन सर्व टप्पे दाखविता येतील अशी व्यवस्था केली. तेथेही त्यातील बहुतेक पाणी कारखान्यांकडे जाते. याउलट ऑस्ट्रेलियातील टूवूंबा या गावात दुष्काळ चालू असताना २००६ मध्ये मतदान झाले आणि सुमारे ६२ टक्के लोकांनी ही योजना नाकारली. लोकांना आधी विश्वासात घेतले गेले नाही आणि मग भीतीने ती जागा घेतली.

भीतीला हसणे सोपे आहे; पण ती निराधार नसते. २०२५ च्या डिसेंबरअखेर इंदूरच्याच भागीरथपुरा वस्तीत पिण्याच्या नळात मैलापाणी मिसळले. शेकडो माणसे आजारी पडली आणि काही दगावली. स्वच्छतेचे मानचिन्ह मिरविणाऱ्या शहरात हे घडले. यानंतर 'सांडपाण्याचा पुनर्वापर' हे शब्द ऐकून एखाद्या मातेच्या अंगावर काटा आला, तर तिला अडाणी कोण म्हणेल? तरीही शांतपणे पाहिले असता भागीरथपुऱ्याची शिकवण वेगळी आहे. तेथे पाणी शुद्ध करून, तपासून, वेगळ्या नळाने कोणी दिले नव्हते. ते जमिनीखाली, कोणाच्या नजरेस न पडता, फुटलेल्या वाटेने मिसळले. आपल्या शहरांतून न धुतलेले सांडपाणी आजही आपल्यापर्यंत येते, पण ते चोरवाटेने : गळक्या नळातून, बोरिंगमधून, नाल्याकाठच्या भाजीतून. पुनर्वापराची योजना म्हणजे ही चोरवाट बंद करून राजमार्गाने, पहारा ठेवून पाणी आणणे होय. मात्र जी नगरपालिका पिण्याचा नळ आणि गटार एकमेकांपासून दूर ठेवू शकत नाही, तिने तिसरा नळ टाकण्यापूर्वी पहिले दोन नीट करावेत, अशी मागणी करण्याचा नागरिकांस पूर्ण अधिकार आहे.

म्हणून या कामात यंत्रापेक्षा शिस्त आणि उघडेपणा यांना अधिक मोल आहे. दुसऱ्या पाण्याचा नळ वेगळ्या रंगाचा असावा. पुष्कळ देशांत तो जांभळा असतो. त्याच्या तोटीवर 'पिण्यास अयोग्य' असे ठळक लिहिलेले असावे आणि त्याची जोडणी पिण्याच्या नळाशी कोठेही नसावी. पाण्याची तपासणी ठरल्या दिवशी व्हावी आणि तिचा निकाल, चांगला असो वा वाईट, लोकांना वाचता येईल अशा जागी लागावा. घरी वैद्याने नाडी पाहिली तर काय निघाले हे तो सांगतो; नगराच्या पाण्याची नाडी पाहणाऱ्यानेही सांगितले पाहिजे.

आता आपल्या हाती काय आहे ते पाहू. सोसायट्यांतून राहणाऱ्या वाचकांनी एक चौकशी अवश्य करावी. पुष्कळ मोठ्या इमारतींच्या तळाशी सांडपाणी शुद्ध करण्याचे यंत्र बांधलेले असते, कारण त्यावाचून परवानगी मिळत नाही. ते चालू आहे काय? विजेचे बिल वाचविण्यासाठी ते बंद ठेवावयाचे आणि त्याच महिन्यात टँकरचे बिल भरावयाचे, हा आतबट्ट्याचा व्यवहार अनेक ठिकाणी होतो. कार्यकारिणीच्या सभेत हा जमाखर्च एकदा शेजारी शेजारी मांडावा. निर्णय आपोआप होईल.

घरातील पाणी शुद्ध करणारे यंत्र एक लिटर पाणी देताना साधारणतः दोन-तीन लिटर बाहेर टाकते. ते पाणी बादलीत धरून फरशीला किंवा संडासाला वापरावे. त्यात क्षार अधिक असतात, तेव्हा कुंड्यांना रोज घालू नये. कपड्यांचे शेवटच्या खळबळण्याचे पाणी अंगण आणि मोरी धुण्यास उत्तम. ज्यांच्याकडे अजून परस शिल्लक आहे त्यांनी मोरीचे पाणी वाळू-खडीच्या खळग्यातून केळीला व कर्दळीला द्यावे. कोथिंबीर, मेथी यांसारख्या कच्च्या खाण्याच्या पालेभाज्यांवर मात्र घालू नये. असे पाणी एक दिवसाहून अधिक साठवू नये. त्याला वास येतो आणि डास होतात.

घराघरांतील या बादल्यांनी नगराची टंचाई संपेल, असे मी म्हणणार नाही. ती संपावयाची तर कारखाने, वीज केंद्रे, बांधकामे आणि मोठ्या बागा यांना धरणाचे पाणी देणे थांबवून शुद्ध केलेले पाणी दिले पाहिजे आणि ते काम नगरपालिकेचेच आहे. यंदा वॉर्डाच्या सभेत किंवा नगरसेवकांच्या भेटीत 'पाणी कधी वाढवून देणार' या नेहमीच्या प्रश्नासोबत आणखी तीन प्रश्न विचारावेत. आपल्या भागाचे सांडपाणी कोणत्या केंद्रात जाते? तेथे शुद्ध झालेले पाणी कोणाला दिले जाते आणि किती नदीत सोडले जाते? त्याच्या तपासणीचा निकाल आम्हांला कोठे वाचावयास मिळेल? तीन प्रश्नांची उत्तरे लेखी मागावीत. उत्तर समाधानकारक आले तर आनंद आहे. न आल्यास पुढच्या सभेला शेजारच्या दोन घरांना बरोबर घेऊन जावे.